'पर्यंत' म्हणजे बाय की अनटिल? इंग्रजीत वेळ सांगताना नेमकं कुठं अडतं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की, तुम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल युनिटमध्ये एक्सपोर्टचं काम बघता, शिक्षण सगळं मराठी मीडियमचं, ॲट-ऑन-इनचा तक्ता तोंडपाठ आहे तरी मेल लिहिताना हात थांबतो. इंग्लंडच्या बायरला तुम्ही लिहिलंत 'वी विल शिप द गुड्स अनटिल फिफ्टीन्थ मार्च', आणि त्याचं उत्तर आलं की पंधरानंतर शिपिंग बंद का, बाकीचा माल कधी पाठवणार? साहेबांनी ऐकवलं ते वेगळंच. आता तुम्हाला वेळेच्या सगळ्या प्रिपोझिशन्सचा एक पक्का तक्ता हवाय, आणि जाता जाता टिल आणि अनटिलमध्ये फरक काय तेही विचारलंय.

नवा तक्ता देत नाही, कारण तुमच्याकडं आहे तो पुरेसा आहे. मी आधी इथल्याच एका टेक्स्टाइल कंपनीत डॉक्युमेंटेशनला होते, पॅकिंग लिस्ट, एलसी (बायरच्या बँकेचं पैसे देण्याच्या हमीचं पत्र), बायरचे मेल हेच दिवसभर, आणि आता संध्याकाळी नोकरीवाल्यांचे इंग्रजीचे क्लास घेते. दोन्हीकडचं बघून सांगते, तक्त्यात जे असतं त्यात चुकलं तर फार बिघडत नाही. 'ऑन द मॉर्निंग' लिहिलं तरी बायरला कळतं, फार तर मनात हसेल. पण बाय आणि अनटिल, इन आणि विदिन, फॉर आणि सिन्स, इथं चुकलं की वाक्य दिसायला अगदी बरोबर असतं आणि अर्थ भलताच जातो, आणि बऱ्याचदा चुकलंय हे दोघांनाही कळत नाही. तुमच्या बायरने निदान विचारलं तरी. त्यामुळं माझं सांगणं एवढंच की मराठीतला प्रत्यय बघून इंग्रजी शब्द शोधू नका, आधी क्रियापद बघा. काम एकदा घडून संपणारं आहे की चालू राहणारं आहे, आणि मोजायला सुरुवात कुठून केलीय, हे दोन प्रश्न सुटले की बरचसं सुटतं.

तरी तक्त्याचं आधी पटकन उरकून टाकू. घड्याळातली वेळ असेल तर ॲट, वार किंवा तारीख असेल तर ऑन, महिना, वर्ष, ऋतू, शतक असेल तर इन. आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी दिली ती 'इन १९३१', महिना सांगायचा तर 'इन जानेवारी १९३१', पण तारीख बसली की 'ऑन १२ जानेवारी १९३१'. सकाळ-दुपार-संध्याकाळला इन, 'इन द मॉर्निंग', पण त्याला वार चिकटला की वाराचंच चालतं, 'ऑन मंडे मॉर्निंग'. रात्रीला 'ॲट नाइट', त्याचं कारण शोधत बसू नका, तसं म्हणतात. आणि नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी, टुमॉरो, यस्टरडे यांच्या आधी काहीच लागत नाही, आपल्याकडं 'ऑन नेक्स्ट मंडे', 'ऑन टुमॉरो' फार चालतं, तो ऑन सरळ उडवा.

पुस्तकात एक चित्र असतं, ॲट म्हणजे ठिपका, ऑन म्हणजे पृष्ठभाग, इन म्हणजे डबा. जागेसाठी ते चित्र ठीक आहे, टेबलावर आणि खोक्यात वगैरे. वेळेला लावलं की सोमवार हा पृष्ठभाग कसा काय आणि जानेवारी डबा का, हे पोरं मलाच विचारतात. फळ्यावर छान दिसतं, मेल लिहिताना त्याचा उपयोग शून्य.

आपल्याला हे जड का जातं तर मराठीत सगळं 'ला' नाहीतर 'ई' वर भागतं. सोमवारी, सकाळी, रात्री, एकच थाट. 'पाचला ये' असं कुणी म्हणालं तर पाच वाजता की पाच तारखेला हे आपण बोलण्याच्या ओघात ओळखतो. इंग्रजीत 'ॲट फाइव्ह' आणि 'ऑन द फिफ्थ', बोलणाऱ्याला तोंड उघडायच्या आधीच ठरवावं लागतं. माझ्या क्लासला घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे बरेच असतात, त्यांचंही तेच, त्यांच्याकडंही प्रत्यय शब्दाच्या मागंच लागतो.

आता मूळ दुखणं, 'पर्यंत'. 'पंधरा तारखेपर्यंत माल पाठवतो' आणि 'पंधरा तारखेपर्यंत ऑफिस बंद आहे', दोन्हीकडं आपण पर्यंतच म्हणतो आणि आपला कधी गोंधळ होत नाही, कारण खरा अर्थ क्रियापदातून येतो. पाठवणं हे एकदा होऊन जाणारं काम आहे, बंद असणं हे चालू राहणारं आहे. इंग्रजीवाले ही फोड प्रिपोझिशनमध्येच करून टाकतात. काम एकदा व्हायचंय आणि ही तारीख फक्त शेवटची हद्द आहे, तर बाय. गोष्ट सलग चालणार आणि त्या तारखेला थांबणार, तर अनटिल. म्हणून तुमचं वाक्य त्याने असं वाचलं की हे लोक आत्तापासून माल पाठवत राहणार आणि पंधराला हात झटकून मोकळे होणार. त्याचं वाचणं चुकलं नव्हतं.

क्लासमध्ये मी एक युक्ती देते. मराठी वाक्यात पर्यंतच्या आधी 'उशिरात उशिरा' घालून बघा. 'उशिरात उशिरा पंधरा तारखेपर्यंत माल पाठवतो', बसलं, म्हणजे बाय. 'उशिरात उशिरा पंधरा तारखेपर्यंत ऑफिस बंद आहे', कायतरीच वाटतं, म्हणजे अनटिल. किंवा पर्यंत काढून 'च्या आत' टाका. 'पंधरा तारखेच्या आत पाठवतो' चालतं, 'पंधरा तारखेच्या आत बंद आहे' असं कुणी म्हणत नाही. मराठी तुमची पक्की आहे ना, मग परीक्षा मराठीतच घ्यायची, इंग्रजी नियम आठवत बसायचं नाही.

काही क्रियापदं मात्र दोन्हीकडं जातात, तिथं जरा थांबून वाचा. 'आय विल बी इन द ऑफिस बाय टेन' म्हणजे दहाच्या आत पोहोचतो. 'आय विल बी इन द ऑफिस अनटिल टेन' म्हणजे दहापर्यंत बसलोय, मग निघणार. बाकी सगळं वाक्य तेच, एक शब्द बदलला आणि समोरच्याने फोन दहाच्या आधी करायचा की नंतर ते बरोबर उलटं झालं. अशा वाक्यात मी पोरांना असण्याचं क्रियापदच बदलायला सांगते, 'आय विल रीच द ऑफिस बाय टेन', मग शंकेला जागा राहत नाही.

तुमचं वाक्य म्हणून असं व्हायला हवं होतं, 'वी विल शिप द गुड्स बाय फिफ्टीन्थ मार्च'. माल लॉटमध्ये जाणार असेल तर 'द लास्ट लॉट विल लीव्ह अवर फॅक्टरी बाय फिफ्टीन्थ मार्च'. लीव्ह अवर फॅक्टरी मुद्दाम घातलंय, कारण इथून ट्रक निघाला म्हणजे तुमच्या लेखी शिपमेंट झाली, बायरच्या लेखी कंटेनर न्हावा-शेवाच्या बोटीवर चढला की झाली, आणि तो वाद प्रिपोझिशन कितीही बरोबर घातलं तरी मिटत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा, ही अडचण एकट्या मराठी माणसाची नाही. जर्मन भाषेत बाय आणि अनटिल दोन्हींसाठी 'बिस' असा एकच शब्द चालतो, अगदी आपल्या पर्यंतसारखा. त्यामुळं जर्मन बायरने इंग्रजीत 'प्लीज सेंड द सॅम्पल्स अनटिल फ्रायडे' असं लिहिलं तर त्याला बहुतेक वेळा 'शुक्रवारच्या आत पाठवा' म्हणायचं असतं, रोज एक सॅम्पल पाठवा असं नाही. म्हणजे अनटिल कुणी लिहिलाय यावरही अर्थ ठरतो. शंका आली तर तारीख घालून परत विचारायचं, त्यात काही कमीपणा नाही.

नकारात अनटिल आला की आणखी वेगळी गंमत. बायर लिहितो, 'द कंटेनर डिड नॉट अराइव्ह अनटिल ट्यूजडे'. आपण वाचतो, मंगळवारपर्यंत आला नाही, अरे मग गेला कुठं, आणि फॉरवर्डरला, म्हणजे माल पोहोचवणाऱ्या एजंटला, फोन सुरू. तो बिचारा एवढंच सांगतोय की कंटेनर थेट मंगळवारी आला, उशीर झाला. इंग्रजीत नॉट-अनटिल म्हटलं की त्या वेळी गोष्ट घडली असंच धरतात, मराठीत तसं नसतं, मंगळवारपर्यंत आला नाही म्हटल्यावर नंतर आला का नाही ते आपण वेगळं विचारतो. त्यामुळं 'वी कॅनॉट रिलीज द पेमेंट अनटिल द ट्वेंटिएथ' वाचून घाबरायचं काम नाही, वीस तारखेला पैसे सुटतील असाच त्याचा रोख आहे.

आणि हे तर अख्ख्या देशात चालतं. 'जोपर्यंत तुम्ही ॲडव्हान्स पाठवत नाही तोपर्यंत आम्ही प्रॉडक्शन सुरू करणार नाही', मराठीत दोन 'नाही' लागतात. ते तसंच उचलून 'अनटिल यू डोन्ट सेंड द ॲडव्हान्स' लिहिलं जातं. तिथं तो दुसरा नकार नको, 'वी विल नॉट स्टार्ट प्रॉडक्शन अनटिल यू सेंड द ॲडव्हान्स', झालं. 'अनटिल यू विल सेंड' पण नाही, पुढची गोष्ट असली तरी अनटिलमागून साधा वर्तमानकाळच येतो.

'पासून' पण याच जातीचा, फक्त तिथं तीन वाटा फुटतात. इंटरव्ह्यूला हमखास येणारं वाक्य घ्या, आपल्या सोलापुरी बोलीत, 'मी पाच वर्षांपासून इथं काम करायलोय'. पोरगा म्हणतो 'आय ॲम वर्किंग हिअर फ्रॉम फाइव्ह इयर्स', जरा तयारी करून आलेला असेल तर 'सिन्स फाइव्ह इयर्स'. दोन्ही चूक. पाच वर्षं ही काळाची लांबी आहे, लांबीला फॉर लागतो, 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स'. कधी सुरू झालं तो क्षण सांगायचा आणि काम अजून चालू आहे, तर सिन्स, 'सिन्स २०१९', 'सिन्स लास्ट दिवाळी'. फ्रॉम ठेवायचा पुढं सुरू होणाऱ्या किंवा दोन्ही टोकं बांधलेल्या गोष्टींना, 'फ्रॉम नेक्स्ट मंडे', 'फ्रॉम टेन टू सिक्स'. पण इथं नुसतं प्रिपोझिशन सुधारून भागत नाही, कारण मराठीत पासून असूनही क्रियापद साधं चालू वर्तमानकाळातलं असतं, आणि इंग्रजीत आत्तापर्यंत चाललेल्या कामाला हॅव बीन घालावाच लागतो. तो विसरून 'आय वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणालात तर समोरचा समजतो की तुम्ही ती नोकरी सोडली.

ड्युरिंग आणि फॉरचा घोळही इथंच सांगते. ड्युरिंगच्या पुढं एखाद्या काळाचं किंवा प्रसंगाचं नाव येतं, नुसता आकडा येत नाही, 'ड्युरिंग टू वीक्स' नाही चालत. समजा सिद्धेश्वर यात्रेत युनिट बंद ठेवायचं ठरलं आणि बायरला कळवायचंय, तर 'अवर युनिट विल रिमेन क्लोज्ड ड्युरिंग द सिद्धेश्वर यात्रा, फ्रॉम १३ टू १६ जानेवारी, अँड विल रीओपन ऑन १७ जानेवारी'. किती दिवस ते सांगायचं तर 'क्लोज्ड फॉर फोर डेज'. त्या आधी माल हवा असेल तर 'प्लीज कन्फर्म युअर ऑर्डर बाय ५ जानेवारी'. एका मेलात जवळजवळ सगळं आलं बघा, आणि असा एक खरा मेल घटवला तर तक्त्यापेक्षा जास्त कामाला येतो.

आता नंतर, पूर्वी आणि 'त'. हा भाग मला शिकवायला सगळ्यात आवडतो कारण इथं इंग्रजीचा हिशेब एकदम स्वच्छ आहे. मोजायला सुरुवात आत्तापासून केलीय का दुसऱ्या कुठल्या घटनेपासून, एवढंच बघायचं. आत्तापासून पुढं मोजलं तर इन, आत्तापासून मागं मोजलं तर अगो. घटनेपासून पुढं आफ्टर, घटनेपासून मागं बिफोर. मराठीत आपण दोन्हीकडं 'दोन दिवसांनंतर', 'दोन दिवसांपूर्वी' असंच म्हणतो, म्हणून 'आय सेंट द सॅम्पल्स बिफोर टू डेज' लिहिलं जातं. हवं असतं 'टू डेज अगो', कारण आजपासून मागं मोजलंय. 'टू डेज बिफोर द इन्स्पेक्शन' मात्र बरोबर, तिथं इन्स्पेक्शनपासून मोजलंय. तसंच 'आय विल कॉल यू आफ्टर टू डेज' यात चूक म्हणावी असं फार काही नाही, कळतं, पण इंग्रज माणूस 'इन टू डेज' म्हणेल, आणि आफ्टर तो 'थर्टी डेज आफ्टर रिसीट ऑफ द ॲडव्हान्स' अशा ठिकाणी ठेवेल.

यातला इन मात्र लबाड आहे. 'इन टू डेज' वाचलं की आपल्या डोक्यात 'दोन दिवसांत' उमटतं, म्हणजे आजही होईल, उद्याही होईल, परवाच्या पुढं जाणार नाही. इंग्रज ऐकतो 'दोन दिवसांनी', म्हणजे परवा. 'द पार्सल विल रीच यू इन टू डेज' असं तुम्ही लिहिलं तर तो परवा घ्यायला माणूस ठेवणार, आणि कुरिअरवाला उद्याच दार वाजवून परत जाणार. 'दोन दिवसांत कधीही' म्हणायचं असेल तर विदिन लिहा, 'विदिन टू डेज'. गंमत म्हणजे झालेल्या कामाबद्दल बोलताना हाच इन पुन्हा आपल्या 'त'सारखा वागतो, 'वी फिनिश्ड द ऑर्डर इन टू डेज' म्हणजे दोन दिवसांत उरकली. आणि 'वी विल फिनिश द ऑर्डर इन टू डेज' यात तर दोन्ही अर्थ निघतात, दोन दिवस लागतील किंवा परवा संपेल, म्हणून अशा ठिकाणी मी सरळ तारीख घालायला लावते.

थोडक्यात इथपर्यंतचं, पर्यंत दिसला की एकदा का सलग ते बघायचं, पासून दिसला की लांबी का सुरुवात ते बघायचं, नंतर-पूर्वी दिसले की कुठून मोजलं ते बघायचं. बाकीचं तुमच्या ऑफिसच्या कामाचं आहे, ग्रामरच्या पुस्तकात सापडणार नाही.

शुक्रवारपर्यंत म्हणजे शुक्रवार धरून का सोडून? हा प्रश्न इंग्रजीवाल्यांनाही पडतो. अमेरिकन लोक 'मंडे थ्रू फ्रायडे' म्हणतात, थ्रू आला की शुक्रवार धरलेला. ब्रिटिश 'मंडे टू फ्रायडे' म्हणतात आणि अगदी पक्कं करायचं तर 'अप टू अँड इन्क्लुडिंग फ्रायडे'. बाय फ्रायडे म्हणजे शुक्रवार साधारण धरलेला असतो, पण शुक्रवार कुठला, तुमचा का त्याचा? न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि थंडीत साडेदहा तास मागं आहे, म्हणजे त्यांचं शुक्रवारचं ऑफिस सुटतं तेव्हा आपल्याकडं शनिवार लागून बराच वेळ झालेला असतो. 'बाय फ्रायडे, सिक्स पीएम इंडियन टाइम' एवढं लिहायला किती वेळ लागतो. कागदोपत्री भाषेत 'ऑन ऑर बिफोर १५ मार्च' हे सगळ्यात सुरक्षित, त्यात पंधरा धरलीय यावर कुणी वाद घालू शकत नाही.

एलसी असेल तर मात्र अंदाज चालत नाही. एलसी ज्या नियमांवर चालते ते यूसीपी ६००, पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने काढलेले, १ जुलै २००७ पासून लागू आहेत. त्यातलं तिसरं कलम काढून वाचा, ते जवळजवळ प्रिपोझिशन्सचाच धडा आहे. शिपमेंटची मुदत सांगताना टू, अनटिल, टिल, फ्रॉम, बिटवीन यांपैकी काही आलं तर लिहिलेली तारीख धरायची. बिफोर आणि आफ्टर आले तर ती तारीख सोडायची. म्हणजे एलसीत 'शिपमेंट बिफोर १५ मार्च' असेल आणि बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल बोटीवर चढल्याच्या कागदावर, शिपमेंटची तारीख १५ मार्च पडली की डिस्क्रेपन्सी, म्हणजे कागदात खोट, लागलीच, एका दिवसासाठी. पेमेंटची मॅच्युरिटी डेट, म्हणजे पैसे द्यायची तारीख, काढताना फ्रॉमचा अर्थ फिरतो, तिथं फ्रॉम आणि आफ्टर दोन्हींत लिहिलेली तारीख सोडून पुढं मोजायचं. 'ऑन ऑर अबाउट १५ मार्च' हे मोघम वाटतं पण मोघम नाही, पाच दिवस अलीकडं आणि पाच पलीकडं, १० ते २० मार्च, दोन्ही टोकं धरून. 'बिगिनिंग ऑफ मार्च' म्हणजे १ ते १०, 'मिडल' म्हणजे ११ ते २०, 'एंड' म्हणजे २१ पासून महिनाअखेर. 'ॲज सून ॲज पॉसिबल' असं कुणी घातलं तर बँक त्याकडं लक्षच देत नाही. आता मजा बघा, 'शिपमेंट अनटिल १५ मार्च' हे तुमचं वाक्य एलसीत असतं तर बँकेने मुकाट्याने पंधरा धरून वाचलं असतं. पण मेल बँक वाचत नाही, माणूस वाचतो.

घड्याळाच्या वेळेचं एक, फोनवर फार फसतं. ब्रिटिश माणूस 'हाफ टेन' म्हणाला तर ते हाफ पास्ट टेन, म्हणजे साडेदहा. जर्मन भाषेत मात्र 'अर्धा दहा' म्हणजे साडेनऊ, आणि एखादा जर्मन इंग्रजी बोलतानाही सवयीने तसं बोलून जातो. आपण आकडा परत उच्चारून घ्यायचा, टेन थर्टी ना, म्हणून. तारखेचंही तसंच, ०५/०३ म्हणजे इंग्लंडमध्ये पाच मार्च आणि अमेरिकेत तीन मे, महिना अक्षरात लिहा. आणि मीटिंग 'मूव्ह्ड फॉरवर्ड बाय टू डेज' असा मेल आला तर लगेच कॅलेंडर बदलू नका. हा बाय मुदतीचा नाही, किती दिवसांनी ते सांगणारा आहे, आणि फॉरवर्ड म्हणजे अलीकडं का पलीकडं यावर खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचंही एकमत नसतं, बुधवारची मीटिंग कुणी सोमवारी समजतो, कुणी शुक्रवारी. आपला प्रीपोन, म्हणजे अलीकडं घेणं, या बाबतीत कितीतरी स्पष्ट आहे, फक्त भारताबाहेर तो सगळ्यांना कळेलच असं नाही.

बाकी ब्रिटिश 'ॲट द वीकेंड' म्हणतात, अमेरिकन 'ऑन द वीकेंड', अमेरिकन ऑन गाळून 'सी यू मंडे' पण म्हणतात. यातलं कुठलं वापरायचं ते तुमचं गिऱ्हाईक कोण आणि तुम्हाला परीक्षा द्यायचीय का यावर आहे. परीक्षेला बसणार असाल तर पुस्तकात दिलंय तेच लिहा, वाद नको. नुसती नोकरी असेल तर बायर जसं लिहितो तसं लिहा. एका जागी मात्र मराठी आपल्याला आयतं देते, 'वेळेवर' म्हणजे ऑन टाइम आणि 'वेळेत' म्हणजे इन टाइम. हुतात्मा एक्स्प्रेस वेळेवर सुटली, ऑन टाइम, आणि आपण धावत वेळेत स्टेशनवर पोहोचलो, इन टाइम. तिथं शब्दाला शब्द ठेवला तरी चालतो, असं फार कमी वेळा होतं.

सराव म्हणाल तर माझ्याकडं एकच आहे. तुमच्या सेंट फोल्डरमधले जुने मेल काढा आणि जिथं जिथं तारीख, वार, दिवस आलाय तिथं वाक्य मराठीत मोठ्याने म्हणा. पर्यंत, पासून, नंतर, पूर्वी, 'त', यांतलं काहीतरी सापडेलच. मग वर सांगितलेली परीक्षा लावा. रोज तीन-चार मेल, जास्त नको, कंटाळा येतो. ज्यांना बोलायची भीती असते तेही हे घरी बसून करू शकतात, आणि माझा अनुभव असा की पर्यंतचा घोळ सगळ्यात आधी सुटतो, पासूनचा सगळ्यात शेवटी, कारण तिथं हॅव बीन तोंडात बसायला वेळ लागतो.

टिल आणि अनटिल, अर्थाने एकच. टिल बोलण्यात जास्त, औपचारिक मेलात आणि वाक्याच्या सुरुवातीला अनटिल बरा दिसतो. स्पेलिंगमध्ये टिलला शेवटी दोन एल आणि अनटिलला एकच, हे बरेच जण उलटं करतात. अप टू हे दोन वेगळे शब्द आहेत, जोडून लिहू नका. आणि 'टिल डेट' हा आपल्याकडच्या ऑफिसांतला शब्द आहे, बाहेरच्या बायरला 'टू डेट' किंवा 'सो फार' लिहा.